हुकूमनामा फिटला, तरी सिबिलमध्ये दावा चालूच : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

विषय : न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे पूर्ण फेडलेल्या कर्जाची पतअहवालातील नोंद

महोदय,

मी एका तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करतो. बँकांनी लावलेले वसुलीचे दावे, त्यांतील हुकूमनाम्यांच्या (दाव्यातल्या अंतिम आदेशांच्या) अंमलबजावणीसाठी दाखल होणाऱ्या दरखास्ती आणि त्या दरखास्तींत अखेर होणारा भरणा हे माझे नेहमीचे काम आहे. त्यात कधी मी बँकेच्या पॅनेलवरचा वकील म्हणून उभा असतो, तर कधी कर्जदाराच्या किंवा जामीनदाराच्या बाजूने. न्यायालयाने ठरवलेली रक्कम कर्जदाराने व्याज आणि खर्चासह भरली, ती मिळाल्याचे बँकेने लिहून दिले आणि न्यायालयाने प्रकरण बंद केले, तरी त्या माणसाच्या पतअहवालात दावा चालू असल्याची, कर्ज निर्लेखित झाल्याची (बँकेने ते बुडीत धरून हिशेबातून काढल्याची) किंवा रक्कम येणे असल्याची नोंद कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे तशीच राहते, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. याचे खापर एखाद्या शाखेवर फोडून भागणार नाही. दोष नोंद करण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत ठरवण्याचा अधिकार आपला असल्याने हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे.

एक प्रकरण थोडे तपशिलाने सांगतो. नावे अर्थातच गाळली आहेत. एक निवृत्त शिक्षक मित्राच्या मुलाच्या व्यवसायकर्जाला जामीन राहिले होते. कर्ज थकले, बँकेने कर्जदार आणि जामीनदार यांच्याविरुद्ध दावा केला आणि तो संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या, असा सर्वांविरुद्ध मंजूर झाला. कर्जदाराच्या नावे काहीच शिल्लक नव्हते. शिक्षकांचे निवृत्तिवेतन कायद्याने जप्त होत नाही, म्हणून दरखास्तीत त्यांच्या घरावर जप्तीचा आदेश आला. त्यांनी गावाकडचा प्लॉट विकून हुकूमनाम्याची सर्व रक्कम भरली. बँकेच्या वकिलांनी पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन, दिली की दरखास्तीतील संपूर्ण रक्कम वसूल झाली असून आता काही येणे नाही, सबब दरखास्त पूर्ण वसुलीने निकाली काढावी. न्यायाधीशांनी त्याखाली आदेश केला, रोजनाम्यात नोंद झाली आणि जप्ती उठली. पुढे मुलीच्या गृहकर्जात सहकर्जदार म्हणून त्यांचे नाव घातले, तेव्हा कर्ज देणाऱ्या बँकेने त्यांचा अहवाल काढला. त्यात जामीनदार या नात्याने तेच खाते दिसत होते : दाव्याच्या रकान्यात ‘सूट फाइल्ड’ (दावा दाखल), स्थितीच्या रकान्यात ‘रिटन ऑफ’ (निर्लेखित), आणि शिल्लक रक्कम हुकूमनाम्यातल्या आकड्याहूनही मोठी. न्यायालयाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल त्यांनी शाखाधिकाऱ्यांपुढे ठेवली. शाखाधिकारी भले गृहस्थ होते, पण आमची मंजुरी अहवालावर होते, नकलेवर होत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या नियमांप्रमाणे ते बरोबरच होते.

हे का होते हे समजण्यासाठी आपल्याकडचा पतअहवाल कशाचा बनतो हे पाहावे लागते. ब्रिटनमध्ये काउंटी कोर्टाचा पैशाबाबतचा निकाल सरकारी नोंदवहीत जातो आणि पतअहवाल तयार करणाऱ्या पतमाहिती कंपन्या तो तिथून उचलतात. आपल्याकडे तसे काही नाही. घरमालकाने भाड्यापोटी किंवा व्यापाऱ्याने उधारीपोटी मिळवलेला हुकूमनामा आपल्या पतअहवालात येतच नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडे येते ते फक्त बँका आणि वित्तसंस्था स्वतः कळवतील तेवढेच. म्हणजे बँकेने दावा केला की ‘सूट फाइल्ड’ हे बँकच लिहिते, आणि दाव्याचे पुढे काय झाले तेही, लिहिलेच तर, बँकच लिहिते. वादातला एक पक्षकार दुसऱ्याच्या वर्तनाची नोंद ठेवतो आणि वादाचा निवाडा करणाऱ्या न्यायालयाचा त्या नोंदीशी कुठेही संबंध येत नाही, अशी ही रचना आहे. माझा मूळ आक्षेप या रचनेवर आहे. बाकीच्या तक्रारी तिच्यातूनच निघतात.

न्यायालयाच्या बाजूला नियम जुने आणि स्पष्ट आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम २ प्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम न्यायालयाबाहेर मिळाली, तर ती मिळाल्याचे न्यायालयाला कळवणे हे हुकूमनामाधारकाचे, म्हणजे बँकेचे कर्तव्य आहे. बँकेने कळवले नाही, तर निर्णीत ऋणको, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला तो, स्वतः अर्ज करून बँकेला नोटीस काढायला लावू शकतो. मात्र त्यासाठी मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद १२५ प्रमाणे भरणा केल्यापासून फक्त ३० दिवस मिळतात. अशी नोंद झालेली नसेल, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय तो भरणा जमेस धरत नाही. आता प्रत्यक्षात काय होते? कर्जदार शाखेच्या काउंटरवर पैसे भरतो, पावती खिशात घालतो, जमल्यास ‘नो ड्यूज’ मागून घेतो आणि घरी जातो. न्यायालयात काही नोंदवायचे असते हे त्याला कोणी सांगत नाही, आणि ३० दिवस कधी संपले ते कळतही नाही. बँक पुरसीस देतेही, पण ती देणारा पॅनेलवरचा वकील आपल्या फीचे बिल मुख्य कार्यालयाच्या वसुली विभागाला पाठवून मोकळा होतो. पतमाहिती कंपन्यांना विदा पाठवणारा विभाग त्याच बँकेत, बहुधा त्याच इमारतीत असतो. त्या विभागापर्यंत पुरसिशीची प्रत नेण्याचे काम कोणत्याही टेबलावर नेमून दिलेले नाही. हे मी पॅनेलवरचा वकील म्हणूनही सांगतो आहे.

यापेक्षा खोल अडचण व्याजाची आहे, आणि तिच्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. दावा दाखल झाल्यावर पुढचे व्याज कोणत्या दराने द्यायचे हे संहितेच्या कलम ३४ प्रमाणे न्यायालय ठरवते. निकालानंतरचे व्याज साधारणतः सालिना ६ टक्क्यांपर्यंत असते आणि व्यापारी व्यवहारात ते कराराच्या दरापर्यंत जाऊ शकते, पण न्यायालयाने तेवढे दिलेच पाहिजे असे नाही. बँक मात्र आपल्याकडे कराराच्या दरानेच व्याज मांडत राहते. समजा, ५ लाख मुद्दल आहे, करारातला दर १४ टक्के आहे, न्यायालयाने दाव्याच्या तारखेपासून ६ टक्के सरळव्याज दिले आणि भरणा होईपर्यंत ४ वर्षे गेली. नुसत्या सरळव्याजाने हिशेब केला तरी दोन्ही आकड्यांत १ लाख ६० हजार रुपयांचा फरक पडतो, आणि दरमहा व्याज मुद्दलात मिळवले तर तो आणखी वाढतो. कर्जदाराने हुकूमनाम्याप्रमाणे सर्व रक्कम दिली, तरी बँकेच्या संगणकात हा फरक उरतो, आणि तो शून्य करण्यासाठी बँक त्याची नोंद सूट दिल्यासारखी किंवा निर्लेखित केल्यासारखी करते. अहवालात मग ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटले) किंवा ‘रिटन ऑफ’ येते, आणि वाचणाऱ्याचा समज होतो की या माणसाने बँकेचे पैसे बुडवून तडजोड केली. वास्तविक बँकेने कर्जदाराला काहीच सोडलेले नसते. दाव्यात निकाल झाला की मूळ कराराचे देणे हुकूमनाम्यात विलीन होते आणि त्यानंतर कायद्याने देय राहते ती फक्त हुकूमनाम्याचीच रक्कम. जी रक्कम मागण्याचा बँकेला अधिकारच उरला नाही, ती सोडून दिल्याचे श्रेय बँकेने घ्यावे आणि त्याचा ठपका कर्जदारावर यावा, हे कोणत्या हिशेबात बसते?

लोकअदालतीत हाच प्रकार उघडपणे घडतो. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात बँकांची टेबले लागतात, दाव्याआधीची आणि चालू अशी दोन्ही प्रकरणे येतात, कर्जदाराला रक्कम कमी करून मिळते आणि पॅनेलसमोर सह्या होतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मानला जातो, तो अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. कर्जदाराला तिथे सांगितले जाते की प्रकरण कायमचे मिटले. पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडेल आणि पुढे कर्ज मागताना तो आडवा येईल, हे सह्या घेण्याआधी कोणी सांगत नाही. बँकेने खरोखर रक्कम सोडली असेल, तर पुढच्या कर्जदात्याला ते कळायला हवे, याबद्दल माझा वाद नाही. आपल्या ८ जून २०२३ च्या तडजोडीविषयीच्या परिपत्रकातही, शेतीकर्जे वगळता, तडजोड केलेल्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्याआधी किमान १२ महिन्यांचा कालावधी जाऊ द्यावा असे म्हटले आहे, आणि प्रकरण न्यायालयात असेल तर तडजोडीचा हुकूमनामा घेणे बंधनकारक केले आहे. म्हणजे हुकूमनामा घ्या असे आपणच सांगता. तो पाळला गेला की नाही हे कळवण्यासाठी मात्र, बँका ज्या नमुन्यात पतमाहिती कंपन्यांना माहिती पाठवतात त्यात, जागा नाही. ठरलेल्या तारखेला सर्व हप्ते भरणारा आणि पहिल्याच हप्त्यानंतर बेपत्ता होऊन दोन वर्षांनी जप्तीच्या धाकाने भरणारा, दोघांनाही शेवटी तोच एक शब्द मिळतो.

तक्रारनिवारणाची सोय आहे, असे आपले कार्यालय म्हणेल, आणि ती आहेच. पतविषयक माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ ने माहिती अचूक ठेवण्याची जबाबदारी बँक आणि कंपनी या दोघांवरही टाकली आहे आणि कर्जदाराच्या विनंतीवर ३० दिवसांत दुरुस्तीची पावले उचलायला सांगितले आहे. आपण २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने त्याला दात दिले : बँकेला २१ दिवस, एकूण ३० दिवस, आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आणि तिचा उपयोग झालेली माणसे मी पाहिली आहेत. पण ती आहे उशिराला. इथे उशीर होतच नाही, कारण उत्तर वेळेत येते आणि चुकीचे येते. कंपनी बँकेला विचारते, बँक आपल्या संगणकातला तोच उरलेला फरक पाहते आणि ‘माहिती बँकेच्या नोंदींनुसार बरोबर आहे’ असे कळवते. कंपनीला स्वतःहून नोंद बदलता येत नाही, आणि तक्रार मुदतीत निकाली निघते. कर्जदाराने जोडलेली न्यायालयाची नक्कल या सगळ्यात कोणीतरी उघडून पाहिली असेल का, याची मला शंका आहे. नोंद बरोबर आहे की नाही हे ठरवताना ती ज्याने केली त्यालाच विचारायचे आणि ज्याने निवाडा केला त्याचा कागद बाजूला ठेवायचा, ही तपासणी म्हणता येणार नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आपल्या लोकपालांकडे १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्यांविरुद्धही जाता येते; परंतु ज्या कारणाचा न्यायालयाने आधीच गुणदोषांवर निवाडा केला आहे, त्या कारणावरची तक्रार लोकपाल योजनेत चालत नाही. नोंदीची चूक हे त्याहून निराळे कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण तक्रारीच्या पहिल्याच ओळीत दाव्याचा क्रमांक दिसल्यावर ती छाननीत टिकवण्यासाठी साध्या माणसाला वकील लागतो, आणि मग मोफत सोयीला अर्थ उरत नाही.

परदेशाचा दाखला मी फार ताणणार नाही, पण ब्रिटनच्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे निकालाची रक्कम एका महिन्याच्या आत पूर्ण भरली, तर नोंदवहीतून ती नोंद काढून टाकतात. त्यानंतर भरली, तर नोंद निकालापासून सहा वर्षे राहते, मात्र तिच्यावर रक्कम फिटल्याचा शेरा येतो. म्हणजे लवकर भरणाऱ्याला फायदा आहे, उशिरा भरणाऱ्यालाही काही ना काही मिळते, आणि न भरणारा वेगळा ओळखू येतो. अमेरिकेत जुलै २०१७ पासून तिन्ही मोठ्या कंपन्यांनी बहुतेक दिवाणी निकाल पतअहवालांतून वगळले, कारण न्यायालयांकडून मिळणाऱ्या नोंदींत माणसाची ओळख पटवण्यापुरता तपशील नव्हता. तेवढ्या टोकाला जा असे मी म्हणत नाही. पण तपशील अपुरा असेल तर नोंद दाखवू नये, एवढी सावधगिरी आपल्याकडेही असायला हरकत नाही.

दाखल्यांसाठी खरे तर इतके लांब जाण्याची गरज नव्हती. महाराष्ट्रात कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो, कर्ज फिटल्यावर शेतकरी बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे जातो, फेरफार मंजूर होतो आणि बोजा कमी होतो. तिथेही हेलपाटे पडतात, हे प्रत्येक शेतकरी सांगेल. तरीही फेरफाराला क्रमांक असतो, तारीख असते, तो कोणी मंजूर केला ते दिसते, आणि बोजा केव्हा चढला व केव्हा उतरला हे कागदावर वाचता येते. पतअहवालात दावा लागल्याचे दिसते, तो कोणत्या न्यायालयात होता, कधी निकाली निघाला आणि हुकूमनामा कधी फिटला, यातले काहीच दिसत नाही. सहकारी बँकांच्या बाबतीत तर दाव्याऐवजी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला असतो. तो सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून मिळतो, त्याची वसुली बँकेचाच वसुली अधिकारी करतो, आणि ती पूर्ण झाल्यावर नोंद करणारे तटस्थ कार्यालय शोधूनही सापडत नाही. राज्य पातळीवर पीककर्जाला सिबिलची अट नको असे बँकांना वारंवार बजावले जाते. त्याच वेळी ज्या शेतकऱ्याने १०१ खालची रक्कम भरून टाकली आहे त्याचा अहवाल दुरुस्त करण्याबद्दल कोणी बोलत नाही, हे मला चमत्कारिक वाटते.

इतिहास पुसून टाका, अशी माझी मागणी नाही. हप्ते किती दिवस थकले हे अहवालात ३६ महिन्यांचे दिसते, ते दिसू द्या. ज्याने बँकेला न्यायालयापर्यंत नेले, त्याला पुढच्या बँकेने जास्त प्रश्न विचारावेत, हेही रास्त आहे. पतमाहिती किमान सात वर्षे जपण्याच्या नियमालाही माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की वाईट गोष्ट जितक्या ठळकपणे नोंदली जाते, तितक्याच ठळकपणे आणि तितक्याच वेगाने तिची परतफेडही नोंदली जावी. १ जानेवारी २०२५ पासून बँका दर पंधरवड्याला माहिती पाठवू लागल्या. तेव्हा वेळ लागतो ही सबब आता राहिलेली नाही.

त्यासाठी आपण काय करावे हे सांगण्याचे धाडस करतो. हुकूमनामा, लोकअदालतीचा निवाडा, कर्जवसुली न्यायाधिकरणाचे वसुली प्रमाणपत्र किंवा कलम १०१ चा दाखला यांपैकी कशाचीही पूर्ण वसुली झाल्याचे बँकेने ज्या दिवशी लिहून दिले, त्या दिवसानंतरच्या लगेचच्या पंधरवड्यात ती नोंद चारही कंपन्यांकडे गेली पाहिजे, कर्जदार आणि प्रत्येक जामीनदार अशा सर्वांच्या खात्यांवर गेली पाहिजे, आणि ती गेल्याची पोच कर्जदाराला मिळाली पाहिजे; त्याने अर्ज करेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. न्यायालयाने रक्कम ठरवल्यानंतर अहवालातील ‘येणे रक्कम’ म्हणजे फक्त हुकूमनाम्याप्रमाणे येणे रक्कम, असे आपण स्पष्ट करावे, म्हणजे कराराच्या व्याजाचा उरलेला फरक कर्जदाराच्या नावावर दिसणार नाही. ‘सेटल्ड’ या शब्दाच्या पोटात आज दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत; त्यांतली न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे पूर्ण भरणा ही स्थिती स्वतंत्र करावी. आणि कर्जदाराने पूर्ण वसुलीच्या आदेशाची नक्कल दिली, तर पतमाहिती कंपनीने बँकेच्या तोंडी होकाराची वाट न पाहता नोंदीसमोर ‘विवादित’ असे लिहावे, आणि बँकेने लेखी कारण देऊन तो आदेश चुकीचा आहे असे दाखवले नाही, तर नोंद बदलावी. प्रत्येक दाव्याला ई-कोर्ट्स प्रणालीत सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे हे कुणालाही घरबसल्या पाहता येते. ‘सूट फाइल्ड’ लिहिताना हा क्रमांक सक्तीचा केला, तर निम्मे काम तिथेच होईल.

तोवर आम्ही वकील आपल्या परीने वाट काढतो आहोत. तडजोडनाम्यात मी आता एक कलम घालतो की शेवटचा हप्ता मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत खाते बंद झाल्याची नोंद बँक पतमाहिती कंपन्यांकडे पाठवील आणि त्याची प्रत प्रतिवादीस देईल. काही बँका ते मान्य करतात. काही बँकांचे अधिकारी म्हणतात की हे मुख्य कार्यालयाच्या अखत्यारीतले आहे, आम्हाला सही करता येणार नाही. आणि समोरचा कर्जदार तडजोड फिसकटू नये म्हणून ते कलम सोडून देतो.

आपल्या नमुन्यात नवा रकाना आला, तर तो कोणी भरायचा यावर बँका आणि कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. दावा बँकेने केला, पैसे बँकेला मिळाले आणि पूर्ण वसुली झाल्याची पुरसीस बँकेच्या सहीने दाखल झाली. म्हणून तो रकाना बँकेनेच भरावा, आणि तो न भरल्यास आपल्या दररोजच्या १०० रुपयांचे मीटर तक्रारीच्या तारखेपासून नव्हे तर पुरसिशीच्या तारखेपासून सुरू व्हावे, असे आदेशात लिहावे, ही विनंती.

आपला,
तालुका न्यायालयात दिवाणी काम करणारा एक वकील